विजेची मोट : संगणकाचें पाणी गार करणारें यंत्र

विजेच्या इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर भरतो, आणि चांगली इस्त्री १००० वॉट वीज खाते. म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटराच्या वांट्यास पांच वॉट उष्णता येते. २००४ सालीं बाजारांत आलेला इंटेल कंपनीचा ‘प्रेस्कॉट’ जातीचा पेंटियम ४ प्रोसेसर घेतला, तर त्याच्या सिलिकॉनच्या तुकड्याचें क्षेत्रफळ अवघें ११२ चौरस मिलिमीटर होतें, अंगठ्याच्या नखाहूनहि लहान. आणि पूर्ण कामास लागला कीं तो सुमारें १०० वॉट उष्णता बाहेर टाकी. इस्त्रीच्या तळाच्या जवळजवळ अठरापट ही तीव्रता झाली. इस्त्री तापावी म्हणूनच केलेली असते. प्रोसेसर मात्र तापला कीं प्रथम मंदावतो, आणि तरीहि उष्णता निघाली नाहीं तर बंद पडतो.

ही अडचण संगणकाच्या पाठीशीं जन्मापासून लागलेली आहे. १९४६ सालीं फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेल्या एनिॲक यंत्रांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते व तें १५० किलोवॉटच्या आसपास वीज खाई. त्यास गार ठेवण्यासाठीं मोठमोठे पंखे सतत चालवावे लागत. यंत्र पुढें टेबलावर मावूं लागलें, पण उष्णता तशीच मागोमाग आली.

घरगुती संगणकांत ही उष्णता तांब्याच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या पातळ पाकळ्यांना देऊन पंख्यानें हवेंत उधळून टाकतात. ज्यांचें एवढ्यानें समाधान होत नाहीं ते प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवितात, त्यांतून पंपानें पाणी खेळवितात, आणि तापलेलें पाणी मोटारगाडींत असतो तसल्या जाळीदार रेडिएटरांतून फिरवून परत आणतात. पाणी या कामीं फार गुणी आहे. मिनिटास एक लिटर या वेगानें तें वाहत असेल, तर ७० वॉट उष्णता पोटांत घेऊनहि तें अवघें एक अंश सेल्सिअस तापतें. वेग दोन लिटर ठेवला, तर १०० वॉटचा प्रोसेसर त्याला पाऊण अंशाहून अधिक तापवूं शकत नाहीं. तथापि एक मर्यादा येथें कोणासहि ओलांडतां येत नाहीं. रेडिएटर कितीहि मोठा असला, तरी त्यांतलें पाणी खोलींतल्या हवेहून थंड होणार नाहीं. खोली ३० अंशांवर असेल, तर पाणी ३४-३५ अंशांवर येऊन थांबतें.

हवेहून थंड पाणी पाहिजे असेल तर काय करावें? माठ हें करून दाखवितोच. त्याच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना आपल्याबरोबर उष्णता नेतें. पुण्यास वैशाखांतल्या एखाद्या दुपारीं हवा ३८ अंशांवर व आर्द्रता शेंकडा २० असेल, तर ओल्या जाळीवरून वाहणारी हवा पाण्याला २१ अंशांच्या जवळपास उतरवूं शकते, आणि त्याला पंख्यापलीकडे वीज लागत नाहीं. कोरड्या प्रदेशांतल्या हौशी मनुष्यानें याहून दुसरें कांहीं शोधण्याची खरोखर गरज नाहीं. परंतु आषाढांतल्या मुंबईंत माठहि हात टेकतो, कारण तेथील हवेला आणखी बाष्प नकोच असतें. शीतकपाटाचें यंत्र पाण्याला जोडावें, तर त्याचा आवाज, वजन व वायूच्या नळ्या सांभाळाव्या लागतात. म्हणून अनेकांची दृष्टि एका निराळ्याच वस्तूकडे वळते. ही चिनी मातीची चौकोनी वडी आगपेटीहून पातळ असते; तिच्यांत एकहि हलणारा भाग नाहीं, आणि वीज लावतांच तिची एक बाजू गार व दुसरी गरम होते. तिला पेल्टियर मॉड्यूल म्हणतात.

या वडीची वंशावळ दोन शतकांची आहे. १८२१ सालीं बर्लिन येथें थॉमस योहान झेबेक याला असें दिसून आलें कीं, दोन निरनिराळ्या धातूंचें कडें करून त्याचा एक सांधा तापविला तर जवळची होकायंत्राची सुई हलते. कड्यांत विजेचा प्रवाह सुरू झालेला असे. झेबेक मात्र त्यास चुंबकत्वाचाच प्रकार समजला. पुढें १८३४ सालीं फ्रान्समधील झां शार्ल पेल्टियर या गृहस्थानें उलट प्रयोग केला. हा मूळचा घड्याळजी. त्यानें दोन धातूंच्या सांध्यांतून वीज सोडली, तेव्हां प्रवाहाच्या दिशेप्रमाणें सांधा कधीं गार तर कधीं गरम होऊं लागला. या प्रकाराचा अर्थ त्यालाहि नीटसा उमगला नाहीं. १८३८ सालीं एमिल लेंझ यानें बिस्मथ व अँटिमनी यांच्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला आणि वीज सोडली. थेंबाचें बर्फ झालें. प्रवाहाची दिशा उलटविली; बर्फाचें पुन्हां पाणी झालें. इतका स्वच्छ प्रयोग झाल्यावर शंकेस जागा उरली नाहीं. मात्र त्या थेंबापलीकडे शंभर वर्षें फारसें कांहीं थंड झालें नाहीं, कारण जो धातु वीज सहज वाहून नेतो तो उष्णताहि तितक्याच सहज वाहून नेतो, आणि गार बाजूकडून काढलेली उष्णता गरम बाजूकडून गुपचूप परत येते. ही कोंडी विसाव्या शतकांत अर्धवाहकांनीं फोडली. लेनिनग्राड येथें अब्राम इऑफे व त्याचे सहकारी यांनीं या विषयाचा पाया घातला, आणि १९५४ सालीं इंग्लंडांत एच. ज्युलियन गोल्डस्मिड यानें बिस्मथ टेल्युराइड हा पदार्थ या कामास उत्तम असल्याचें दाखविलें. आजच्या वडींतहि तोच पदार्थ असतो.

विहिरीवरची मोट ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या वडीचें काम समजण्यास कठीण जाऊं नये. खालचें पाणी मोटेंत भरतें, बैल धावेवरून उतरतात, मोट वर येते व थारोळ्यांत रिती होते. तेथून पाणी पाटानें जातें. वडींत मोटेचें काम विजेचे कण करतात. धातूमधून अर्धवाहकांत शिरतांना त्यांना अधिक ऊर्जा लागते. ती ते सांध्यापासून उष्णतेच्या रूपानें उचलतात, आणि दुसऱ्या टोकास पुन्हां धातूंत उतरतांना टाकून देतात. सर्वांत अधिक खपणाऱ्या ४० मिलिमीटर चौरस वडींत अशा खांबांच्या १२७ जोड्या असतात. प्रत्येक जोडींत एक खांब धन जातीचा व एक ऋण जातीचा असतो. वीज त्या सर्वांतून एकामागून एक नागमोडी जाते, उष्णता मात्र सर्वांतून एकाच वेळीं, एकाच दिशेनें वर चढते. वडीवर ‘टीईसी १-१२७०६’ असें लिहिलेलें असतें, त्यांतले १२७ हे जोड्यांचे, व शेवटचे ०६ हे तिला झेपणाऱ्या अधिकांत अधिक अँपिअरांचे.

मोटेचे दोषहि या वडींत आहेत. चामडें गळकें असलें कीं वर येतां येतां पाणी विहिरींत परत पडतें. त्याचप्रमाणें दोन्ही बाजूंच्या उष्णतामानांत जितका फरक, तितकी उष्णता खांबांतून मागें झिरपते. शिवाय बैलांच्या श्रमाची उष्णता येथें विहिरींतच मिसळते, कारण खांबांतून वीज जातांना ते स्वतः तापतात व त्या तापाचा निम्मा भाग गार बाजूकडे जातो. आतां खरी गोम अशी आहे कीं, प्रवाह दुप्पट केला तर उष्णतेची उचल दुप्पट होते, पण खांबांचा स्वतःचा ताप चौपट होतो. म्हणून कांहीं मर्यादेपलीकडे वीज वाढविली, तर गार बाजू अधिक गार होण्याऐवजीं तापूं लागते.

विक्रेत्याच्या पत्रकांत दोन मोठे आंकडे ठळक छापलेले असतात. वडी ५० ते ६० वॉट उष्णता उचलते, हा एक. आणि दोन्ही बाजूंत ६५ ते ७० अंशांचा फरक पाडते, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत, परंतु ते एकाच वेळीं कधींच मिळत नाहींत. पहिला आंकडा दोन्ही बाजू सारख्याच उष्णतामानावर असतांनाचा आहे, म्हणजे विहीर कांठोकांठ भरलेली असतांनाचा. दुसरा आंकडा कांहींहि उष्णता उचलावयाची नसतांनाचा आहे, म्हणजे मोट तळाशीं पोंचते पण रितीच वर येते. हे दोन आंकडे एकत्र वाचून एकच वडी थेट प्रोसेसरवर चिकटविणाऱ्यांनीं आजवर पुष्कळ पैसा व पुष्कळ प्रोसेसर खर्ची घातले आहेत.

तेव्हां हिशेब अगोदर मांडावा. प्रोसेसरची उष्णता १०० वॉट आहे. वडीची गार बाजू २० अंशांवर व गरम बाजू ४० अंशांवर ठेवावयाची आहे, असें धरूं या. वर सांगितलेल्या जातीच्या वडीस पूर्ण १२ व्होल्ट दिले, तर ती सुमारें साडेपांच अँपिअर घेते, ६६ वॉट वीज खाते आणि ४१ वॉट उष्णता उचलते. तीन वड्यांत १२३ वॉटची उचल झाली, काम भागलें. पण वीज १९८ वॉट लागली. आतां तीनऐवजीं सहा वड्या घ्याव्या, आणि दोन-दोनांची जोडी एकापुढें एक लावून प्रत्येक जोडीस १२ व्होल्ट द्यावे. प्रत्येक वडीच्या वांट्यास सहा व्होल्ट आले. ती अडीच अँपिअर घेते, १५ वॉट खाते व २० वॉट उचलते. सहा वड्यांची उचल १२० वॉट, पण विजेचा खर्च ९० वॉट! मोटा दुप्पट केल्या, तर वैरण निम्म्याहून कमी लागली. व्यवहारांत सांध्यांतील अडथळ्यांमुळें हे आंकडे थोडे खालीं येतात. परंतु त्यांचें परस्परांशीं प्रमाण बदलत नाहीं. वड्या स्वस्त असतात आणि वीज दररोज लागते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे बहुतेक हौशी यंत्रें उलट्या मार्गानें कां बांधलेलीं असतात याचें नवल वाटतें.

वड्या प्रोसेसरवर न ठेवतां पाण्यावर कां ठेवाव्या, याचेंहि उत्तर याच हिशेबांत आहे. प्रोसेसरच्या माथ्यावर एकाच वडीपुरती जागा असते, म्हणून तिला मरेपर्यंत राबवावें लागतें. पाण्याला अशी अडचण नाहीं. ४० मिलिमीटर रुंद व १२० मिलिमीटर लांब असा एक पोकळ ठोकळा घ्यावा. हा थंड पाण्याचा. त्याच्या वरच्या अंगास तीन व खालच्या अंगास तीन वड्या, गार बाजू आंत करून, लावाव्या. त्यांच्या बाहेरून तसेच दोन ठोकळे बसवावे. हे गरम पाण्याचे. झाली ती एक जाड पोळीची चवड. थंड ठोकळ्याचें पाणी प्रोसेसरकडे जाऊन परत येतें. गरम ठोकळ्यांचें पाणी स्वतंत्र पंपानें रेडिएटरकडे जातें. दोन्ही पाण्यांचा एकमेकांशीं संबंध नसतो.

बांधणींत पुढील गोष्टींची हयगय करूं नये. ठोकळ्यांचे पृष्ठभाग कांचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरनें घांसून सपाट करावे, कारण वडी चिनी मातीची असते व तिच्याखालीं उंचवटा राहिला तर दाबानें तडकते. थर्मल पेस्ट अगदीं पातळ लावावी. ती फटी भरण्यापुरतीच असते, जाड थर दिला तर तीच भिंत होऊन बसते. स्क्रू आळीपाळीनें, समोरासमोरचे थोडे थोडे असे आवळावे. हेच स्क्रू लोखंडी असतात आणि गरम ठोकळ्याकडून थंड ठोकळ्याकडे उष्णता नेण्यास टपलेले असतात. म्हणून त्यांच्या डोक्याखालीं नायलॉनचे वॉशर घालावे. एकाच पाण्यांत तांबें आणि ॲल्युमिनिअम कधींहि एकत्र आणूं नये. पाणी, तांबें व ॲल्युमिनिअम यांची मिळून एक लहानशी विद्युत्घटमाला तयार होते आणि ॲल्युमिनिअम महिन्यामहिन्यानें झिजून शेवटीं गळूं लागतें. नळाचें पाणी वापरूं नये. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें व शेवाळ न धरण्याचें औषध त्यांत घालावें.

पाण्याची टाकी मोठी केली म्हणजे थंडावा वाढतो, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा होय. १२० वॉट उचलणारें यंत्र १०० वॉट उष्णतेवर चालवलें, तर शिल्लक २० वॉटची. तीमधून पंपाची उष्णता वजा जाते ती वेगळीच. पूर्ण २० वॉट हातीं राहिले असें धरलें, तरी दोन लिटर पाणी एक अंश उतरण्यास सात मिनिटें लागतात. टाकी चार लिटरची केली तर चौदा लागतील. शेवटीं पोंचावयाचें ठिकाण तेंच असतें, फक्त वाट लांबते.

यंत्राचें सगळें यशापयश मात्र थारोळ्यावर, म्हणजे गरम बाजूवर अवलंबून असतें. उष्णता नाहींशी होत नाहीं. प्रोसेसरचे १०० वॉट, वड्यांची ९० वॉट वीज, शिवाय पाइपांतून शिरलेली व पंपाची उष्णता, हें सर्व मिळून २०० वॉटच्या पुढें जातें, आणि तें अखेर रेडिएटरानेंच खोलींत सोडावयाचें असतें. रेडिएटर लहान पडला कीं गरम बाजू ४० वरून ५०-५५ अंशांवर चढते. फरक वाढला कीं झिरपणें वाढतें, उचल घटते. उचल कमी झाली म्हणून मालक वीज वाढवितो. विजेची उष्णता पुन्हां त्याच रेडिएटरावर येऊन पडते. पाट तुंबला कीं थारोळें भरून पाणी विहिरींतच परत कोसळावें, तसा हा प्रकार होतो. म्हणून पैसा खर्च करावयाचा तर तो वड्यांवर नव्हे, रेडिएटरावर व त्याच्या पंख्यांवर करावा. तीन वड्या पूर्ण दाबानें चालविणारास याच रेडिएटरावर ३०० वॉटहून अधिक भार घालावा लागतो, हेंहि येथें लक्षांत येईल. आणि ही सारी उष्णता ज्या खोलींत सांडते, ती खोलीच तापली तर मूळ हिशेबच बदलतो. रेडिएटर खिडकीबाहेर नेणारे लोक म्हणूनच शहाणे.

एवढें केल्यावर पदरांत काय पडतें? साध्या रेडिएटरानें ३४-३५ अंशांवर राहणारें पाणी या यंत्रानें २२-२३ अंशांवर येतें. म्हणजे बारा अंशांचा लाभ, आणि त्यासाठीं दिवसाचे आठ तास यंत्र चालविलें तर सुमारें पाऊण युनिट वीज, पंप व पंखे वेगळे. शीतकपाटाच्या जातीचें यंत्र एक वॉट विजेंत दोन ते तीन वॉट उष्णता हलवितें. येथें सव्वा-दीड वॉट हलली तरी बांधणी उत्तम झाली असें समजावें. प्रयोगशाळेंत लेसरचा दिवा किंवा दुर्बिणीच्या कॅमेऱ्यांतील संवेदक थंड ठेवतांना मोजके वॉट उचलावयाचे असतात, तेथें या वडीस तोड नाहीं. प्रोसेसरच्या शंभर वॉटांपुढें मात्र तिची दमछाक होते.

खरा शत्रु अद्याप पुढेंच आहे. तो म्हणजे दंव. मुंबईच्या पावसाळ्यांत हवा २८ अंशांवर व आर्द्रता शेंकडा ८५ असते, तेव्हां दंवबिंदु २५ अंशांच्या थोडा वर असतो. म्हणजे २२ अंशांच्या पाण्याची नळी त्या हवेंत घाम गाळूं लागते, जसा गार पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो. पेल्याखालीं बशी ठेवून भागतें. येथें खालीं संगणकाचें मुख्य सर्किट बोर्ड असतें. त्या बोर्डावर पडलेला एक थेंब सर्व यंत्राची किंमत वसूल करूं शकतो. थंड ठोकळा, नळ्या व प्रोसेसरवरील ठोकळा यांच्याभोंवतीं बंद छिद्रांचा नायट्राइल रबराचा फोम बिनफटीचा गुंडाळावा, हा उपाय आहेच. पण हवा फटींतून शिरते, आणि प्रोसेसरच्या पिनांमधील जागा गुंडाळतां येत नाहीं. खात्रीचा मार्ग एकच. पाण्याचें उष्णतामान दंवबिंदूच्या खालीं जाऊंच द्यावयाचें नाहीं. पुण्याच्या त्या वैशाखांतल्या दुपारीं दंवबिंदु ११ अंशांवर असतो, तेथें २२ अंशांचें पाणी निर्धास्त चालतें. आषाढांत मुंबईस २७ अंशांवर थांबलें पाहिजे. जेथें यंत्राची गरज सर्वांत अधिक भासते तेथेंच तें सर्वांत कमी उपयोगी पडतें, हा निसर्गाचा थोडा खट्याळपणाच म्हणावयाचा. २०२० सालीं इंटेल कंपनीनें इतरांच्या साहाय्यानें प्रोसेसरवर बसणारें असें विजेचें शीतक बाजारांत आणलें, तेव्हां त्यांतहि हवेची आर्द्रता मोजून उष्णतामान दंवबिंदूच्या वर ठेवणारी योजना होती. २०२३ सालीं कंपनीनें तो उपक्रम थांबविला.

नियंत्रणासाठीं पुष्कळजण वड्या ठराविक उष्णतामानावर बंद व पुन्हां चालू करणारें बटण लावतात. तें या यंत्रास मानवत नाहीं. वडी बंद होतांच ती मोट राहत नाहीं, गरम आणि थंड पाण्यामधली नुसती एक पातळ भिंत होते, आणि २० अंशांचा फरक असतां प्रत्येक वडींतून ११ वॉट उष्णता मागें वाहूं लागते. सहा वड्यांचे ते ६६ वॉट होतात. त्याऐवजीं व्होल्ट कमी-अधिक करणारा पुरवठा घ्यावा व वड्या मंदपणें पण अखंड चालू ठेवाव्या. चालू करण्याचा क्रम असा : आधीं दोन्ही पंप व पंखे, मग वड्या, शेवटीं संगणक. गरम बाजूचा पंप थांबला तर वडी स्वतःलाच भाजून घेते. तिच्या आंतील डाख १३८ अंशांच्या सुमारास वितळतो. यास्तव गरम ठोकळ्यावर ६० अंशांस वीज तोडणारा थर्मोस्टॅट अवश्य बसवावा. थंड बाजूचा पंप थांबला तर ठोकळ्यांतलें पाणी गोठून सांधे फुटूं शकतात, म्हणून तेथेंहि पांच अंशांस वीज तोडणारा दुसरा लावावा.

सर्व जोडणी झाल्यावर प्रोसेसर लगेच जोडूं नये. त्याच्या जागीं १०० वॉटची विजेची शेगडीची तार गुंडाळलेला तांब्याचा तुकडा ठेवावा, आणि नळ्या, सांधे व ठोकळे यांच्याखालीं पांढरा टीपकागद पसरून यंत्र चोवीस तास चालवावें. तेंहि पावसाळी दिवशीं, खिडक्या उघड्या ठेवून. पहांटेच्या वेळीं हवा सर्वांत दमट असते, तेव्हां उठून एकदां बॅटरीच्या उजेडांत कागद पाहावा. त्यावर एकहि डाग नसेल, तर सकाळीं संगणक जोडण्यास हरकत नाहीं.